शरदातली सहल गाडीने : भंडारदऱ्याचे डोंगर आणि नाशिकची वाइन

युरोपातल्या वाइनच्या गावांचे फोटो बघून ऑक्टोबरात नाशिकला निघालेल्यांची एक निराशा ठरलेली असते. मळ्यात द्राक्षांचे घोस लटकलेले असतील असं वाटतं, आणि समोर दिसतात छाटलेल्या काड्या. तिकडे सप्टेंबर-ऑक्टोबर म्हणजे तोडणीचे दिवस. आपल्याकडे त्याच वेळी गोडी छाटणी, म्हणजे फळ धरण्यासाठीची छाटणी, चालते आणि वाइनची द्राक्षं जानेवारी ते मार्चमध्ये तोडली जातात. घोसच बघायचे असतील तर सहल जानेवारीनंतर ठेवा.

पण सह्याद्री शरदात जसा दिसतो तसा जानेवारीत दिसत नाही. पाऊस ओसरलेला, धबधबे अजून वाहते, उतारांवर सोनकीचा पिवळा रंग, हवा धुतल्यासारखी. म्हणून या दिवसांत नाशिकची सहल डोंगरांभोवती आखायची आणि वाइन शेवटच्या संध्याकाळी ठेवायची. पुढचा सगळा आराखडा याच हिशोबाचा आहे : आधी भंडारदरा-कळसूबाई, मग नाशिक, तीन दिवस आणि दोन मुक्काम.

तारखा ठरवताना

सप्टेंबरचा शेवटचा आठवडा ते ऑक्टोबरचा मध्य हा फुलांचा आणि धबधब्यांचा काळ. पावसाची एखादी सर हमखास येते, कधी दुपारनंतर विजांसह. ऑक्टोबरच्या उत्तरार्धात आकाश मोकळं होतं, पण दुपारचं ऊन चटके देतं आणि बरेच धबधबे आटतात. नोव्हेंबरात गवत सोनेरी होतं, पहाटे थंडी पडते आणि चालायला तो सगळ्यात सुखाचा महिना. हिरवं हवं की कोरडं, हे आधी ठरवा. काजव्यांसाठी भंडारदरा प्रसिद्ध असलं तरी ते पावसाच्या तोंडावर, जूनच्या आसपास दिसतात. आत्ता नाही.

मग कॅलेंडर उघडा आणि हे दिवस तपासा.

२ ऑक्टोबर हा ड्राय डे. अनंत चतुर्दशी आणि कार्तिकी एकादशीही ड्राय डे असतात. त्या दिवशी वायनरीत जेवण मिळेल, टेस्टिंग नाही. निवडणूक असेल तर मतदान संपण्याआधीचे ४८ तास आणि मतमोजणीचा दिवसही यात धरा. गांधी जयंतीला जोडून लांब सुट्टी आली की लोक नेमके त्याच दिवशी वायनरी गाठतात.

नवरात्रात दोन ठिकाणी गर्दी असते. कळसूबाईच्या शिखरावर देवीचं मंदिर आहे, तिथे यात्रा भरते आणि शिड्यांवर रांगा लागतात. नाशिक-दिंडोरी-वणी रस्त्यावर सप्तशृंगीला पायी जाणाऱ्यांची रीघ असते, आणि खासगी गाड्या गडावर न सोडता नांदुरीला पायथ्याशीच थांबवून पुढे एसटीने नेतात. दिंडोरीकडच्या वायनऱ्या बघायच्या असतील तर हे दिवस टाळलेले बरे. कोजागरीला भंडारदऱ्याच्या काठावर तंबूंची दाटी होते. दिवाळीच्या सुट्टीत खोल्यांचे दर चढतात. आणि २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात नाशिक-त्र्यंबकला सिंहस्थाची मुख्य स्नानं आहेत. त्या वर्षी ही सहल नोव्हेंबरात ढकला.

वारांचं म्हणाल तर शनिवारची संध्याकाळ वायनरीत घालवू नका. मुंबईची अर्धी गर्दी तिथेच असते, टेस्टिंगला ताटकळावं लागतं आणि वाढणाऱ्याला दोन शब्द समजावून सांगायला वेळ नसतो. एकच रजा मिळणार असेल तर शनिवारी निघून सोमवारी परता. दोन मिळत असतील तर रविवारी सकाळी निघा, सोमवारी डोंगर आणि मंगळवारी परतीआधी वायनरीची फेरी. कुठल्या वारी कुठली वायनरी बंद असते ते मात्र फोन करून विचारा. नकाशावर दाखवलेल्या वेळांवर विसंबू नका.

रस्ता

मुंबई-ठाण्याहून दोन पर्याय आहेत. जुना मार्ग भिवंडी-शहापूर-कसारा घाट-इगतपुरी-घोटी असा. दुसरा समृद्धी महामार्ग : भिवंडीजवळच्या आमण्याला चढायचं आणि इगतपुरीला उतरायचं. हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाला. यात कसाऱ्याच्या डोंगरातला जवळपास आठ किलोमीटरचा बोगदा आहे, त्यामुळे घाट टळतो. दुचाकींना समृद्धीवर परवानगी नाही, त्यांनी कसाऱ्यानेच यायचं. खरी अडचण आमण्यापर्यंत पोचण्याचीच असते, कारण ठाणे-भिवंडीचा पट्टा सकाळी सातनंतर तुंबतो. घरून साडेपाचला निघालात तर नाश्ता इगतपुरीत होतो. साडेसातला निघालात तर तो भिवंडीत, गाडीत बसूनच.

इगतपुरीहून घोटी. इथे टाकी पूर्ण भरा आणि रोख पैसे काढा. भंडारदरा परिसरात पंपाच्या शोधात फिरण्यात अर्धा दिवस जाऊ शकतो, आणि धरणामागच्या गावांत नेटवर्क गेलं की यूपीआयही जातं. घोटीहून महामार्ग सोडून भंडारदऱ्याचा रस्ता धरायचा. ३५ किलोमीटरच्या आसपास अंतर आहे आणि वाटेत कळसूबाईच्या पायथ्याचं बारी गाव लागतं. नकाशा कधीकधी आडवाटेचा ‘जवळचा’ रस्ता सुचवतो. पावसाळ्यानंतर त्या वाटांवर खडी उखडलेली असते, साइडपट्टी खचलेली असते आणि समोरून ट्रॅक्टर आला तर मागे घ्यायला जागा नसते. दहा मिनिटं वाचवायला जाऊ नका, घोटीवरूनच जा.

पुणेकरांनी घोटीला यायचं कारण नाही. नाशिक रस्त्याने चाकण, नारायणगाव करत संगमनेर, तिथून अकोले-राजूरमार्गे भंडारदरा. चाकण सकाळी सहाच्या आत ओलांडायचं, एवढा एकच नियम पाळला तर बाकी रस्ता सरळ आहे. राजूरनंतर रंधा धबधबा वाटेतच लागतो, तो जातानाच बघून घ्या. परतीला नाशिक-सिन्नर-संगमनेर.

मुंबईहून निघून धरणाला फेरी मारून, नाशिक करून परत आलात तर गाडी साधारण ५०० किलोमीटर चालते. लिटरला १५ किलोमीटर देणाऱ्या गाडीला ३३-३४ लिटर पेट्रोल धरा. घाट आणि खड्डे यांच्यासाठी वर चार लिटर. फास्टॅगमधली शिल्लक आदल्या रात्रीच बघा.

गाडी

सर्व्हिसिंग करून आणली म्हणजे झालं असं नाही. या रस्त्याला तीन गोष्टी महत्त्वाच्या.

टायर. नक्षीची खोली कायद्याने किमान १.६ मिलिमीटर लागते, पण ओल्या घाटात ३ मिलिमीटरच्या खाली गेलेला टायर पाणी नीट कापत नाही. हवा टायर थंड असताना भरा, दाराच्या चौकटीवर लिहिलेल्या आकड्याप्रमाणे. समृद्धीच्या काँक्रीटवर तासाला १२० किलोमीटरच्या मर्यादेपर्यंत गाडी सहज जाते आणि कमी हवेचा टायर तिथेच तापून फुटतो. स्टेपनीतली हवाही मोजा. ती बघायची कुणालाच आठवत नाही.

वायपर. पावसाळाभर घासलेलं रबर सप्टेंबरपर्यंत कडक होतं आणि काचेवर रेघा ओढतं. धुक्यात समोरून दिवे आले की त्या रेघा चमकतात आणि रस्ता दिसेनासा होतो. नवीन जोडी घाला, खर्च फार नाही.

ब्रेक. उतारावर पाय सतत ब्रेकवर ठेवला तर पॅड तापतात, जळका वास येतो आणि पेडल दाबूनही गाडी हवी तशी थांबत नाही. ज्या गिअरमध्ये चढ चढला असता त्याच गिअरमध्ये उतार उतरा, बहुतेक ठिकाणी दुसरा. ऑटोमॅटिक असेल तर मॅन्युअल किंवा ‘एल’ वर घ्या. वास आलाच तर गाडी बाजूला घेऊन वीस मिनिटं थांबा आणि डिस्कवर पाणी ओतू नका, तापलेलं लोखंड वाकडं होतं. अरुंद घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची. धुक्यात अप्पर लावू नका, उजेड परत डोळ्यांवर येतो. लोअर आणि फॉग लॅम्प पुरतात.

पहिला दिवस आणि दुसऱ्याची सकाळ

मुक्काम शेंडीत किंवा धरणाच्या काठाला. शेंडी हे भंडारदऱ्याचं बाजाराचं गाव. गावातल्या घरी जेवणार असाल तर दुपारचं सकाळीच आणि रात्रीचं दुपारीच सांगून ठेवा, माणसं मोजून. पिठलं-भाकरी, ठेचा, भात एवढं साधं जेवण असलं तरी भाकऱ्या तुम्ही आल्यावर थापायला घेतल्या तर तासभर जातो.

दुपारी धरणाला फेरी मारा : शेंडी, मुरशेत, घाटघर, साम्रद, रतनवाडी आणि परत शेंडी. ४०-४५ किलोमीटरचा रस्ता आहे, पण चार तास हातात ठेवा. घाटघरच्या कोकणकड्यावरून थेट खाली कोकण दिसतं, ढग नसतील तर. इथे थांबायला एक-दीडची वेळ चांगली, कारण सकाळचं धुकं निवळलेलं असतं आणि दुपारचे ढग अजून चढलेले नसतात. रतनवाडीचं अमृतेश्वर मंदिर जुन्या कोरीव कामासाठी घाई न करता बघावं. पुष्करणीच्या पायऱ्या शेवाळलेल्या असतात, जपून. ऑक्टोबरच्या मध्याला सूर्य सव्वासहाच्या सुमारास मावळतो आणि डोंगराआडच्या या रस्त्यावर अंधार त्याआधीच पडतो. साडेपाचला रतनवाडी सोडा. खड्डे, गुरं आणि बिनदिव्याच्या बैलगाड्या रात्री एकत्र भेटतात.

सांदण दरी याच वाटेवर साम्रदजवळ आहे आणि तिथे उतरण्याचा मोह सगळ्यांना होतो. सप्टेंबर-ऑक्टोबरात नको. दरी म्हणजे दोन कड्यांमधली चिंचोळी भेग. वर कुठेतरी सर आली तरी पाणी खाली लोंढ्याने येतं आणि बाजूला सरायला जागा नसते. पाणी ओसरल्यावर, नोव्हेंबरअखेरीनंतर, गावातला वाटाड्या घेऊन जा.

भंडारदऱ्याचं हे धरण, म्हणजेच विल्सन धरण, १९२६ मध्ये पूर्ण झालं. त्याच्या पायथ्याचा अंब्रेला फॉल धरणातून पाणी सोडलेलं असेल तरच दिसतो, त्यामुळे त्याच्या भरवशावर वेळ राखून ठेवू नका. जलाशयात पोहू नका. काठाचा गाळ पायाखालून सरकतो आणि खोली एकदम वाढते.

दुसऱ्या दिवशी पहाटे कळसूबाई. १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर. बारी गावातून सहाला चालायला लागा. नवख्याला वर जायला तीन ते साडेतीन तास, उतरायला अडीच. कातळाच्या टप्प्यांवर लोखंडी शिड्या आहेत, त्यामुळे वाट अवघड नाही, पण दमवणारी आहे. माणशी दोन लिटर पाणी घ्या. वाटेत लिंबूपाण्याच्या टपऱ्या असतात, पण त्या आठवड्याच्या मधल्या वारी उघड्या असतीलच असं नाही. दहानंतर वरच्या टप्प्यावर सावली नाही. घसरून पडण्याचे प्रसंग बहुतेक उतरताना येतात, शेवाळलेल्या दगडावर, गुळगुळीत तळव्याचे स्पोर्ट्स शूज घातलेल्यांवर. खोल नक्षीचा तळवा हवा. शिडी उतरताना तोंड डोंगराकडे ठेवा. ढग गडगडायला लागले तर शिडी लोखंडाची आहे हे लक्षात ठेवून ताबडतोब खाली या.

चढायचं नसेल तर या सकाळी काहीही करू नका. धरणाच्या काठाने चाला, चहा प्या. सहलीत एक मोकळी सकाळ असणं वाईट नाही.

नाशिककडे

दुपारी जेवून भंडारदरा सोडा. घोटीमार्गे नाशिक ७०-७५ किलोमीटर, दोन तास. वाटेत वाकडी वाट करून सांजेगाव-कावनईच्या बाजूला गेलात तर मुकणे धरणाच्या फुगवट्याजवळ ग्रोव्हर झाम्पा आणि व्हॅलोने या वायनऱ्या आहेत. दोन्ही नाशिकच्या गंगापूर रस्त्याकडच्या वायनऱ्यांपेक्षा शांत. ज्यांना पार्टीपेक्षा वाइनबद्दल ऐकायचं आहे त्यांनी इथे आधी वेळ ठरवून यावं. सुला, यॉर्क आणि सोमा मात्र नाशिक शहराच्या पश्चिमेला, गंगापूर धरणाच्या बाजूला एकमेकींपासून जवळजवळ आहेत. पहिल्यांदा येणाऱ्याला सोयीच्या याच.

मुक्काम शहरात घेऊ नका. वायनरीच्या आवारात किंवा तिथून चालत जाता येईल अशा ठिकाणी घ्या, दर जास्त असला तरी. कारण सरळ आहे.

टेस्टिंगमध्ये साधारण पाच-सहा वाइन मिळतात, प्रत्येकी ३० मिलिलिटरच्या आसपास. पाच धरल्या तर दीडशे मिलिलिटर, म्हणजे एक भरलेला ग्लास. वाइनमध्ये साडेबारा टक्के अल्कोहोल धरलं तर पोटात जातं सुमारे १५ ग्रॅम. वाहन चालवताना रक्तातली मर्यादा आहे १०० मिलिलिटरला ३० मिलिग्रॅम. हलक्या वजनाच्या माणसाने उपाशीपोटी एवढीच वाइन घेतली तरी ती ओलांडली जाऊ शकते. पहिल्या गुन्ह्याला दहा हजारांपर्यंत दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. ‘नुसती चव घेतली’ हे नाकाबंदीवरच्या यंत्राला समजत नाही. ताक, कॉफी किंवा गार पाण्याने अल्कोहोल उतरत नाही. एक ग्लास उतरायला दोन तास लागतात.

तेव्हा गाडी चालवणाऱ्याने त्या दिवशी घ्यायचीच नाही, किंवा गाडी मुक्कामी लावून यायचं. दूर राहत असाल तर येणाऱ्या रिक्षा-टॅक्सीवाल्याशीच परतीचं ठरवून त्याचा नंबर घ्या. रात्री दहाला तिथून अॅपवर गाडी मिळण्याची खात्री नसते. तिसरा मार्ग थुंकण्याचा. टेस्टिंगच्या टेबलावर त्यासाठी भांडं असतं, नसलं तर मागा. यात लाजण्यासारखं काही नाही, रोज दहा वाइन तपासणारे जाणकार तेच करतात.

वयाचा पुरावा म्हणून आधार किंवा लायसन्स जवळ ठेवा. आधी खाऊन घ्या. नाशिकची मिसळ खायची तर ती सकाळी. झणझणीत रश्शानंतर जिभेला बारीक चव कळत नाही. आणि अंगाला भरपूर सेंट मारून टेस्टिंगला येऊ नका, शेजारच्यालाही वाइनचा वास येत नाही.

क्रम फिक्याकडून गडदाकडे : आधी बुडबुड्यांची स्पार्कलिंग, मग शेनिन ब्लाँ, सोव्हिन्यों ब्लाँ या व्हाइट, नंतर शिराझ आणि कॅबर्ने या रेड, गोड असेल ती शेवटी. सोव्हिन्यों ब्लाँला हिरव्या मिरचीचा, कापलेल्या गवताचा वास येतो, पेरूचाही. शिराझमध्ये काळी मिरी सापडते. नाही सापडली तरी बिघडत नाही. ‘छान आहे’ म्हणून सगळ्या संपवण्यापेक्षा दोन आवडलेल्या आणि एक नावडलेली लक्षात ठेवा, दुकानात त्याचा उपयोग होतो.

मळ्यात शरदात काय दिसतं

वायनरीची फेरी सकाळची घ्या, शेवटच्या दिवशी. टाक्या या महिन्यांत बहुतेक शांत असतात, कारण त्याच वर्षीची व्हाइट बाटल्यांत गेलेली असते आणि रेड पिंपांत मुरत असते. खरं बघण्यासारखं बाहेर आहे. छाटणी झालेल्या ओळीजवळ उभं राहिलं की ओलांडा, म्हणजे तारेवर आडवा वाढवलेला जाड फाटा, स्पष्ट दिसतो. त्यावर आखूड काड्या, काडीवर मोजके डोळे. ते सगळे एका वेळी फुटावेत म्हणून त्यांवर हायड्रोजन सायनामाइड लावतात. ते विषारी आहे, म्हणून काड्यांना हात लावू नका आणि मुलांना ओळींत सोडू नका. काही दिवसांनी डोळे फुगतात, त्यांतून गुलाबीसर पोंगा बाहेर येतो, मग पान. याच वेळी अवकाळी पाऊस आला तर डाऊनी हा बुरशीचा रोग पडतो, घड जिरतो म्हणजे धरण्याआधीच नाहीसा होतो, आणि बागायतदार पहाटेपासून फवारणीला लागतो. ब्लोअरचा आवाज आला तर त्या बाजूला जाऊ नका. फेरी दाखवणाऱ्याला ‘यंदा छाटणी कधी केली आणि का?’ असं विचारा. पाठ केलेली माहिती बाजूला राहते आणि खरं बोलणं सुरू होतं.

बाटल्या आणि परत

बाटल्या शेवटी घ्या आणि बिल जपून ठेवा. ऑक्टोबरच्या उन्हात बंद गाडी भट्टी होते. वाइन तापली की प्रसरण पावते, बूच वर सरकतं आणि घरी उघडल्यावर उकडलेल्या फळासारखी चव लागते. डिकीत नको, थर्माकोलच्या खोक्यात घालून एसी पोचेल अशा जागी मागच्या सीटच्या पायाशी आडव्या ठेवा. वाटेत जेवायला थांबलात तर गाडी सावलीत लावा.

सहल लांबवून सापुताऱ्याला जायचा विचार असेल तर बाटल्या विकत घेऊच नका. सापुतारा गुजरातेत आहे, तिथे दारूबंदी आहे, आणि सीमेवर डिकी उघडायला लावतात. महाराष्ट्रातलं बिल तिथे उपयोगाचं नाही. आधी सापुतारा, मग नाशिक असा क्रम उलटा लावा.

मुंबईकडे दुपारी बाराच्या आत निघा. रविवारी संध्याकाळी चारनंतर निघालात तर समृद्धीने वाचवलेला वेळ भिवंडीला परत द्यावा लागतो.